रस्त्याखाली जाळी, शेताखाली पोकळी!



मागच्या महिन्यात तहसीलला बैठक झाली. आपल्या भागातले सात गावचे लोक बोलावले होते. विषय : कोळसा वाहतुकीचा रस्ता रुंद करणे आणि मजबूत करणे. समोर टेबलावर एक काळी जाळी ठेवली होती. मच्छरदाणीपेक्षा जाड, भोकं मोठी, हाताला राठ. साहेबांनी ती उचलून दाखवली आणि म्हणाले, "आता काळजी करू नका. खाली खाण असली तरी रस्ता खचणार नाही. हे परदेशी तंत्र आहे. भरावात ही जाळी टाकली की काम झालं. तुम्ही फक्त ग्रामसभेचा ठराव द्या."

आमच्या गावची एक म्हातारी आजी उठली. तिनं एकच विचारलं : "साहेब, रस्त्याले जाळी टाकता, तं माह्या वावराले काय टाकता?"

सभागृहात हशा झाला. साहेबही हसले. उत्तर कोणी दिलं नाही. हा लेख त्या न मिळालेल्या उत्तरासाठी आहे. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. इतक्या वर्षांत आपल्या भागात विचारला गेलेला हा सगळ्यात नेमका प्रश्न आहे.

आधी समजून घ्या : जमीन खचते कशी

आपल्यातले बरेच जण खाणीत लोडर म्हणून राबले. माझा बापही राबला. त्यांना हे सांगायला नको, पण पोरांना माहीत पाहिजे.

भूमिगत खाणीत कोळसा काढताना मधेमधे कोळशाचेच खांब सोडतात. त्याला पिल्लर म्हणतात. वरचं छत त्या खांबांवर उभं असतं, जसं आपलं घर लाकडी मुंड्यांवर उभं असतं. पुढे कंपनीला खांबातला कोळसाही पाहिजे असतो. मग मागं मागं सरकत खांब काढतात. त्याला डिपिल्लरिंग म्हणतात. खांब गेले की मागे जी रिकामी जागा राहते तिला खाणीत गोफ म्हणतात. गोफावरचं छत खाली बसतं. छत बसलं की त्यावरचा दगड बसतो, दगडावरची माती बसते, आणि शेवटी तुमचं-आमचं वावर बसतं.

बसण्याच्या दोन तऱ्हा आहेत. खाण खोल असेल तर जमीन सावकाश परातीसारखी दबते. मधे खोलगट होतं, कडेला ताण पडून भेगा पडतात. आणि ध्यानात ठेवा, ही परात खोदलेल्या जागेपेक्षा मोठी असते. म्हणजे खाली खोदलं शेजाऱ्याच्या वावराखाली, तरी भेग तुमच्या धुऱ्यावर पडू शकते. दुसरी तऱ्हा जुन्या, उथळ खाणींची. तिथं छत थोडं थोडं ढासळत पोकळी वर वर चढते. वर काही दिसत नाही. गवत हिरवं असतं, गाय चरत असते. आणि एका पावसात एकदम भगदाड पडतं.

घुग्घुसचं आठवा. ऑगस्ट २०२२. आमराई वस्तीतलं एक अख्खं घर बघता बघता जमिनीत गेलं. घरची माणसं आधीच बाहेर पडली म्हणून जीव वाचले. खाली जुनी भूमिगत खाण होती. आजूबाजूच्या कुटुंबांना घरं सोडून हलावं लागलं. खाण केव्हाच थांबली होती, पण पोकळी थांबली नव्हती. पोकळीला निवृत्ती नसते.

जाळी काय करते, काय करत नाही

आपण अडाणीपणानं विरोध करतो असं कोणी म्हणू नये म्हणून आमच्या पोरांनी ही जाळी नीट समजून घेतली. शिकलेल्या इंजिनियर मित्रांना विचारलं. ते असं :

ही जाळी प्लॅस्टिकच्या जातीच्या धाग्यांची असते. पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन असल्या मालाची. कापडासारखी असली की जिओटेक्सटाईल म्हणतात, जाळीसारखी असली की जिओग्रिड. माती दाबाला टिकते, पण ताणाला टिकत नाही. मातीचं ढेकूळ हातानं दाबा, टिकेल. दोन्हीकडून ओढा, तुटेल. भरावाच्या तळाशी जाळी टाकली की ताण ती घेते. कुडाच्या भिंतीत आपण तट्टा का घालतो? नुसती माती फाटते म्हणून. तेच हे.

खाली भगदाड पडलं तर ही जाळी झोळीसारखी काम करते. बाया वावरात कामाला गेल्या की झाडाला लुगड्याची झोळी बांधून लेकरू झोपवतात ना, तशी. मधे खाली काही नसतं, तरी लेकरू पडत नाही, कारण दोन्ही टोकं पक्क्या फांदीला बांधलेली असतात.

आता या झोळीच्या चार गोष्टी ध्यानात घ्या. बैठकीत यातली एकही सांगितली नाही.

पहिली : झोळी फांदीएवढीच पक्की. जाळीची दोन्ही टोकं भगदाडाच्या बाहेर घट्ट, न हलणाऱ्या जमिनीत लांबवर गाडलेली पाहिजेत. जिथं अख्ख्या शिवाराखालचे खांब काढले, तिथं घट्ट जमीन कुठली? फांदीच मोडणार असेल तर झोळीचं लुगडं कितीही भारी घ्या.

दुसरी : झोळीला माप असतं. फ्रान्समध्ये रस्ता आणि रेल्वे यांच्याखाली मुद्दाम खड्डे करून या जाळीची मोठी चाचणी झाली. खड्डे होते दोन मीटर आणि चार मीटर रुंदीचे. म्हणजे सहा ते तेरा फूट. घर गिळणाऱ्या भगदाडासाठी हे औषध नाही. आणि जिथं जमीन परातीसारखी दबते, तिथं जाळी रस्त्याला वर उचलून धरत नाही. जमिनीसोबत रस्ताही खाली जातो. फक्त फाटतो कमी. उतार उलटा होतो, मोऱ्या मोडतात, पाणी साचतं. ते साचलेलं पाणी कोणाच्या वावरात जातं ते सांगायला नको.

तिसरी : झोळी कायमची नसते. सतत भार राहिला तर हा माल हळूहळू ताणत जातो. उन्हात उघडा पडून राहिला तर कमजोर होतो. टोकदार गिट्टीनं कापला जातो. पॉलिएस्टरची जाळी असेल तर चुन्यासारख्या जहाल मातीत, राखेत ती झिजते. आपल्याकडे तर वीज केंद्राच्या राखेचे डोंगर आहेत आणि भरावात राख वापरायची मोठी हौस आहे. कोणती राख, कोणती जाळी, हे कोणी तपासलं?

चौथी, आणि सगळ्यात मोठी : झोळी इलाज नाही, झोळी घंटा आहे. जाळी टाकायची ती एवढ्यासाठी की रस्ता एकदम न कोसळता आधी वाकेल, लोकांना कळेल, वाहतूक थांबवता येईल, आणि मग खालची पोकळी भरता येईल. जर्मनीत रेल्वेखाली अशी जाळी टाकली तेव्हा तिच्यासोबत जमीन हलली की इशारा देणारी यंत्रणाही बसवली. घंटा वाजली की धावणारा माणूस पाहिजे. आपल्याकडे तो माणूस कोण? त्याचं नाव, त्याचा फोन, त्याचा पगार कुठल्या कागदावर आहे?

तो माणूस नसेल तर जाळी नसल्यापेक्षा वाईट. कारण वरून रस्ता काळाभोर गुळगुळीत दिसतो, आणि खाली पोकळी वाढत राहते. शाळेची गाडी त्याच रस्त्यानं जाते.

साहेब, दोन्हींपैकी एक खरं सांगा

आता कायद्याचं ऐका. कोळसा खाण नियमांत लिहिलं आहे की रेल्वे, सार्वजनिक रस्ता, दुसऱ्याची इमारत यांच्यापासून ४५ मीटरच्या आत खाली खोदायचं असेल तर खाण सुरक्षा खात्याच्या मुख्य निरीक्षकाची लेखी परवानगी लागते. म्हणजे रस्त्याखाली मनाला येईल तसे खांब काढता येत नाहीत.

मग आम्ही विचारतो. रस्त्याखालचे खांब नियमाप्रमाणे शाबूत असतील, तर जाळी कशासाठी? आणि जाळी लागणार असेल, तर खांब काढले का? कोणाच्या परवानगीनं?

तिसरं कारण असू शकतं. जुन्या, इंग्रजी काळातल्या खाणींचे नकाशे अपुरे असतील, खाली काय आहे ते साहेबालाच ठाऊक नसेल. किंवा म्हणतील, खाणीचा प्रश्न नाही, काळ्या मातीसाठी जाळी टाकतो. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, तिथं जाळीचा उपयोग होतो, हे आम्हाला मान्य आहे. पण मग तसं लिहून द्या. भारतीय रस्ते काँग्रेसची २०१३ ची पुस्तिका आहे, क्रमांक ११३. तिचा विषयच आहे मऊ मातीवरचे जाळी टाकलेले भराव. मऊ माती वेगळी आणि पोकळ जमीन वेगळी. मऊ मातीचं गणित करून पोकळीवर रस्ता बांधणं म्हणजे तापाची गोळी देऊन मोडलेला पाय बरा करणं.

तर एक कागद द्या : या रस्त्याखाली खाण आहे की नाही, किती खोल, खांब आहेत की काढले, वाळू भरली की नाही. एवढा एक कागद मागितला तर बैठक संपवली गेली. जाळी दाखवायला वेळ होता, नकाशा दाखवायला नव्हता.

खरा इलाज जाळी नाही, वाळू आहे

पोकळीचा इलाज पोकळी भरणं हाच आहे. नवं काही नाही. आपल्या बापांनी केलेलं काम आहे. पाण्याच्या नळातून वाळू खाली सोडायची, गोफ भरायचा, पाणी झिरपून जातं, वाळू राहते. छताला आधार मिळतो. जमीन दबते, पण फारच कमी. कोळशावर कर घेऊन अशा भराईला पैसा देण्याची सोय १९७४ च्या कायद्यातच केली होती. म्हणजे सरकारलाही माहीत होतं की भराईशिवाय हा धंदा पापाचा आहे.

मग भराई का टाळतात? कारण वाळू आणायला पैसा लागतो, नळ टाकायला पैसा लागतो, कोळसा काढायचा वेग कमी होतो. छत पाडून पुढे जाणं स्वस्त. कोणाला स्वस्त? खर्च तर होतोच. फक्त तो कंपनीच्या वहीत न लिहिता कास्तकाराच्या कपाळावर लिहिला जातो.

आमच्या घरचं सांगतो. आमच्या वावरात विहीर होती. आजानं खोदलेली. उन्हाळ्यातही पोहरा भरून यायचा. पाच एकराखालून खाण गेली. दोन पावसाळ्यांत वावराच्या मधोमध भेग पडली, बैलाचा पाय जाईल एवढी. त्या वर्षी विहीर दिवाळीतच आटली. बापानं भेगेत मुरूम टाकला, दगड टाकले, पुढल्या पावसात सगळं खाली गेलं. धुऱ्यावरचा मोह एका बाजूनं वाळला. अर्ज दिला. उत्तर आलं : जमीन तुमच्याच नावावर आहे, आम्ही ती घेतलेलीच नाही, तर मोबदला कसला? बाप त्याच कंपनीत कोळसा भरत होता. दिवसा स्वतःच्या वावराखालचे खांब काढायचा आणि संध्याकाळी येऊन वरची भेग बुजवायचा. मरेपर्यंत त्याला ही गोष्ट सलत होती.

हे उत्तर एकट्या आमच्या घराला मिळालेलं नाही. ते कायद्यातून येतं. १९५७ च्या कोळसा क्षेत्र कायद्यात सरकारला जमीन घेता येते, किंवा जमीन न घेता जमिनीतले हक्कच तेवढे घेता येतात. म्हणजे वरचा सातबारा तुमचा, खालचा कोळसा त्यांचा. ऐकायला बरं वाटतं, घर-वावर राहिलं म्हणून. पण घराचा पाया दुसऱ्याला देऊन भिंती आपल्या नावावर ठेवल्यासारखं आहे. फायदा खाली आहे, पडणं वर आहे. नफा त्यांचा, भेग आपली.

"तुम्ही विकासाचे विरोधक!"

आता आपल्यातलेच काही शिकलेले पोट्टे म्हणतील : "रस्ता होऊन राहिला तं होऊ द्या ना! दवाखान्यात जायले रस्ता पाहिजे की नाही?"

पाहिजे. पावसाळ्यात बाळंतीण बाई खाटेवर नेताना ज्यांनी खांदा दिला त्यांना रस्त्याची किंमत तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. आम्ही रस्त्याच्या विरोधात नाही. जाळीच्याही विरोधात नाही. जिथं जुनी पोकळी आहे, वाळू टाकता येत नाही, रस्ता टाळता येत नाही, तिथं जाळी जरूर टाका. चांगली टाका. एक जीव वाचला तरी पुष्कळ.

आमचा विरोध तीन गोष्टींना आहे.

एक, जाळी दाखवून खांब काढायची परवानगी मिळवणं याला. "रस्ता आता सुरक्षित आहे" असा कागद झाला की पुढचा कागद तयार असतो : रस्त्याखालचा कोळसाही काढू द्या. आज रस्त्याखाली जो कोळसा अडकलाय, तोच जवळपासच्या घरांना आणि वावरांना आधार देतोय. तो गेला की सगळंच गेलं.

दोन, गावरस्त्याच्या नावानं कोळसा रस्ता करणं याला. वनहक्क कायदा २००६, कलम ३ (२) काय म्हणतं? गावाच्या सोयीसाठी शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाणी, रस्ता अशा तेरा कामांना वनजमीन देता येते. पण प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजेच. हे कलम आपल्या दवाखान्याच्या रस्त्यासाठी आहे. दिवसरात्र धावणाऱ्या टिप्परसाठी नाही. आज ठरावाचा जो मसुदा फिरवला जातोय त्यात "गावाच्या विकासासाठी रस्ता" एवढंच लिहिलंय. कोळशाचं नावही नाही. असा ठराव दिला की आपल्याच सहीनं आपलं जंगल गेलं.

तीन, आपल्या पैशानं त्यांचा रस्ता करणं याला. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा खाणीनं नुकसान झालेल्या गावांसाठी आहे. २०१५ पासून कायद्यात आहे. त्यातला निम्म्याहून जास्त पैसा पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, बाया-लेकरं यांच्यावर खर्च करा असं सरकारचंच धोरण आहे. टिप्परनं फोडलेला रस्ता टिप्परवाल्यानं बांधावा. आटलेल्या विहिरीच्या पैशातून जाळी विकत घेऊ नये.

आणि विकासाचा विरोधक कोण, तेही बघू. झरियात जमिनीखालची आग १९१६ पासून जळते आहे. तिथं धनबाद-चंद्रपुरा रेल्वे लाइनखाली आग असल्याच्या भीतीनं जून २०१७ मध्ये ती लाइन बंद केली, आणि २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाली. रेल्वे बंद झाली तेव्हा देशभर चर्चा झाली. पण त्या आगीच्या उशाशी झोपणाऱ्या वस्त्या शंभर वर्षांपासून आहेत. इंजिन चालणारी जागा हलली की धावपळ होते, चूल पेटणारी जागा हलली की फाइल हलत नाही. आपल्याकडे जाळीची गोष्ट तीच आहे. रस्ता कोळसा वाहतो म्हणून त्याला जाळी. वावर कोळसा वाहत नाही, फक्त माणसं पोसतं.

परदेशी तंत्राचा एवढा अभिमान असेल तर परदेशी कायदाही आणा. इंग्लंडात १९९१ चा कायदा आहे. कोळसा खाणीमुळे जमीन खचून घराचं, मालमत्तेचं नुकसान झालं तर ते दुरुस्त करणं किंवा भरपाई देणं ही खाणवाल्याची कायदेशीर जबाबदारी आहे. जाळी जहाजातून येते, हा कायदा का येत नाही? त्याला कोणतं बंदर लागतं?

जंगलाखालची खाण

वनपट्टेवाल्यांनी हे जास्त ध्यान देऊन वाचावं. भूमिगत खाणीची मंजुरी मागताना म्हणतात : "झाड तोडणार नाही, वर हात लावणार नाही, मग ग्रामसभेला काय विचारायचं?"

झाडाला मुळं नसतात का? मुळांखालचं पाणी भेगेतून खाणीत गेलं की मोह, तेंदू, चार कशावर जगतील? झरा आटला की रानातली जनावरं गावात येतील. मग वाघाचाही दोष आपल्याच माथी. सामूहिक वनहक्काचा दावा म्हणजे वरच्या पानांचा दावा नाही. वनहक्क कायद्याचं कलम ५ ग्रामसभेला जंगल, पाणी, पाणलोट राखायचा अधिकार देतं. पाणलोट खालून फुटला तर राखायचं काय?

३ ऑगस्ट २००९ ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं लिहून दिलं की वनजमीन वळवायची तर आधी वनहक्काचे दावे पूर्ण करा आणि ग्रामसभेची संमती घ्या. २०२२ च्या नव्या नियमांनी ती जबाबदारी राज्यावर आणि मंजुरीच्या शेवटाकडे ढकलली. पण वनहक्क कायदा रद्द झालेला नाही. संसदेच्या कायद्यापेक्षा मंत्रालयाचा नियम मोठा नसतो. हे साहेबाला तोंडावर सांगा. आवाज न चढवता सांगा, पण सांगा.

ग्रामसभेत काय करायचं

येत्या ग्रामसभांत हा विषय येणार. घाईनं सही नको. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर पाहिजेत, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. तेवढे नसतील तर सभा तहकूब. रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या घेणारा आला तर त्याला चहा द्या, सही देऊ नका.

आधी हे प्रश्न लेखी विचारा. उत्तरही लेखी घ्या :

१) रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या शिवाराखाली कुठे कुठे खोदलं आहे? नकाशा गावात भिंतीवर लावा. तोंडी सांगितलं तर माहिती अधिकार २००५ खाली अर्ज टाका. एक अर्ज कंपनीला, एक खाण सुरक्षा खात्याला.

२) किती गोफ वाळूनं भरले, किती रिकामे? उरलेले कधी भरणार?

३) जाळीचं गणित कोणत्या मापाच्या भगदाडासाठी केलं? मऊ मातीसाठी की पोकळीसाठी?

४) रस्ता वाकला तर कोण बघणार, किती दिवसांनी बघणार, रस्ता बंद करायचा अधिकार कोणाला?

५) रस्त्याचा उतार बदलून पाणी वावरात आलं तर भरपाई कोण देणार?

६) पैसा कोणाचा? कंपनीचा की खनिज प्रतिष्ठानचा?

काम सुरू झालंच तर गावची चार पोरं आणि चार बाया रोज कामावर जाऊन बघतील. बघायला इंजिनियर लागत नाही. जाळीचे गुंडाळे उन्हात उघडे पडलेत का? ताणून, सुरकुती न पाडता अंथरली का? एकावर एक पदर नीट घेतला की टोकाला टोक लावून पुढे गेले? जाळीला जास्त ताकदीची एक बाजू असते, ती नकाशात सांगितल्या दिशेनंच टाकली का? मातीचा थर पसरण्याआधीच उघड्या जाळीवरून टिप्पर किंवा रोलर नेला का? टोकदार गिट्टी थेट जाळीवर टाकली का? दिसेल ते तारीख-वार लिहून ठेवा, फोटो काढा. ठेकेदाराची चोरी अशाच ठिकाणी असते, मातीखाली झाकली की देवालाही दिसत नाही.

आणि आपल्या वावरांचंही लिहून ठेवा. प्रत्येक गावानं एक वही करा. भेग कुठे, केव्हा दिसली, किती लांब, किती रुंद. विहिरीचं पाणी दर महिन्याला दोरीनं मोजा. दोरीला गाठ मारा, गाठ वहीत लिहा. झाड वाळलं तर लिहा. गाय पडली तर लिहा, पंचनामा मागा. साहेबाच्या नकाशाला उत्तर द्यायला आपल्याजवळ ही वही पाहिजे. सरकारनं नव्या हक्कांसाठी कलम ७ ची सूचना काढली तर ३० दिवसांच्या आत लेखी हरकत घेता येते. तेव्हा ही वही कामाला येईल. ३० दिवस फार लवकर जातात, वही आधीच भरलेली पाहिजे.

आपला ठराव

सात गावांसाठी ठरावाचा मसुदा खाली देत आहोत. गावानं आपल्या बोलीत, आपल्या शब्दांत लिहावा :

"आमच्या ग्रामसभेच्या हद्दीत कोळसा वाहतुकीसाठी रस्ता रुंद करायला ग्रामसभा आज संमती देत नाही. खालच्या खाणीचा नकाशा, भराईचा हिशेब आणि जाळीचं गणित ग्रामसभेसमोर मराठीत आणि आमच्या बोलीत समजावून सांगावं. रिकामे गोफ आधी भरावेत. खचलेली वावरं, आटलेल्या विहिरी, तडकलेली घरं यांचा गावासोबत मिळून पंचनामा करावा आणि भरपाई द्यावी, जमीन नावावर असो की वनपट्ट्यावर. गावाच्या दवाखान्याचा रस्ता वेगळा मंजूर करावा, त्यासाठी आम्ही शिफारस देतो. रस्त्याखालचे, घरांखालचे आणि वावरांखालचे खांब काढायला आमचा कायमचा विरोध आहे."

गावकऱ्यांनो, आजीच्या प्रश्नाकडे परत या. रस्त्याले जाळी, तं वावराले काय? वावराला जाळी नाहीच. एवढी मोठी जाळी जगात कोणी विणली नाही. वावराला एकच जाळी आहे : खाली खांब, आणि वर ग्रामसभा. खांब त्यांनी काढले तर ग्रामसभा आपण धरून ठेवायची. त्या झोळीची दोन टोकं आपल्याच हातात आहेत. एक टोक जरी सुटलं, एका गावानं जरी चुपचाप सही दिली, तर सगळी सात गावं खाली जातील.

पुढची बैठक होईल तेव्हा आजीला पहिल्या खुर्चीवर बसवा. प्रश्न पुन्हा तिलाच विचारू द्या. आणि यावेळी उत्तर मिळाल्याशिवाय कोणी उठायचं नाही.

आधी नकाशा, मग ठराव!
आधी वाळू, मग जाळी!
खालचा कोळसा तुमचा म्हणता, वरची जमीन आमची आहे!

जय सेवा! जोहार!